तूर भरडली म्हणून शेतमाल संपत नाही

शेतकऱ्याची अख्खी तूर गोदामात ठेवली तर गोदामाच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. तीच तूर भरडून डाळ केली आणि त्याच गोदामात, त्याच थप्पीच्या जागी ठेवली, की भाड्यावर २०१८ पर्यंत १८ टक्के कर चढे. मधल्या काळात तुरीचे काय झाले? साल गेली आणि दाणा दुभंगला, इतकेच. पण केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाने १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगून टाकले की साल काढलेली किंवा फोडलेली डाळ हा शेतमाल नव्हे. कारण असे दिले की हे काम शेतकरी सहसा आपल्या शेतावर करत नाहीत, ते डाळ मिलवाले करतात. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात तूर-हरभऱ्यावर जगणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य जाचते आहे, आणि ते चुकीचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

ते वस्तुस्थितीला धरून नाही, हे आधी पाहू. वऱ्हाडात तूर घरी आली की बायका ती चाळून, पाखडून, तेल-पाण्याचा हात लावून, उन्हात वाळवून जात्यावर भरडत. घरची वर्षाची डाळ अशी घरातच होई, चुनी ढोरांपुढे जाई. जाते मागे पडले तेव्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली. गावातल्या शेतकऱ्याने, बचत गटातल्या बायांनी आपली डाळ आपणच करावी यासाठीच ते यंत्र होते, आणि बुलढाणा जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. २०२० पासून केंद्र सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना अशा उद्योगांना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान देते. शेतकरी उत्पादक कंपन्या काढा, प्रक्रिया करा, कच्चा माल मातीमोल विकू नका, असे कृषी खाते गावोगाव सांगत फिरते. सरकारच्या एका खात्याने शेतकऱ्याच्या हातात डाळ मिल द्यायची आणि दुसऱ्या खात्याने शेतकरी डाळ करतच नाही असे धरून कर लावायचा, हे चालू देता कामा नये.

पण त्याहून मोठी चूक कसोटीची आहे. मालावर काही प्रक्रिया केली की त्याचा नवा माल झाला का, हा प्रश्न जीएसटीने आणलेला नाही. उत्पादन शुल्काच्या कायद्यात तो कितीतरी वर्षे लढला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले. ते उत्तर विसरून हे परिपत्रक लिहिले गेले.

उत्पादन शुल्क हा विक्रीवरचा कर नव्हे. माल तयार झाला की शुल्क लागू होते. वसुली तेवढी माल कारखान्याच्या फाटकातून निघताना होते. राज्यघटनेने केंद्राला हा अधिकार दिला तो भारतात उत्पादित झालेल्या मालावर. त्यामुळे उत्पादन झाले नाही तर शुल्क नाही. सारा वाद म्हणूनच एका टोकावर येऊन थांबे: कारखान्यात जे घडले ते उत्पादन होते की नुसती प्रक्रिया? १९४४ च्या मूळ कायद्याने याची पुरी व्याख्या केलीच नव्हती. तयार माल पुरा करण्यासाठी लागणारी आनुषंगिक प्रक्रियाही उत्पादनात धरावी, एवढे सांगून तो थांबला. तंबाखू आणि मीठ यांच्याबाबत मात्र त्याने हात आखडला नाही. विडी वळणे, तपकीर करणे हे उत्पादन. मिठात तर खारे पाणी आटवणे, उकळणे, मातीतून मीठ वेगळे काढणे आणि जमिनीवर आपोआप फुललेला खार नुसता उचलून नेणे हेसुद्धा उत्पादन ठरवले होते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात ज्यांची शेती आहे त्यांना हा खार परका नाही. १९३० मध्ये याच पट्ट्यात, शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहीहांडा येथे, लोकांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला. पण निसर्गाने दिलेली वस्तू उचलणेही उत्पादन ठरवण्यापर्यंत करकायदा कसा पोहोचू शकतो, याचा तो दाखला आहे.

या ओढीला आळा घातला न्यायालयांनी. त्यातला पायाचा निकाल म्हणजे ऑक्टोबर १९६२ मधला दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्सचा. ही कंपनी बाजारातून शेंगदाण्याचे आणि तिळाचे कच्चे तेल घेऊन वनस्पती तूप करी. वनस्पतीवर शुल्क होतेच. पण खात्याचे म्हणणे असे की हायड्रोजन घालण्याआधी कंपनी तेल स्वच्छ करते, त्याचा रंग काढते, म्हणजे मध्येच एकदा रिफाइंड तेलाचे उत्पादन होते, तेव्हा त्यावरही शुल्क द्या. सर्वोच्च न्यायालयाने बाजाराकडे बोट दाखवले. गिऱ्हाईक ज्याला रिफाइंड तेल म्हणते त्याचा वास काढलेला असतो. कंपनीच्या टाकीतल्या तेलाचा वास काढलेलाच नव्हता. म्हणजे बाजार ज्याला ओळखतो असा कोणताही नवा माल त्या टप्प्यावर जन्मला नव्हता. मालात बदल झाला म्हणून उत्पादन होत नाही. वेगळे नाव, वेगळा गुण आणि वेगळा उपयोग असलेला नवा माल निर्माण व्हावा लागतो, हे सूत्र तेव्हा पक्के झाले. त्याची मुळे अमेरिकेत आहेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये आम्लाने धुऊन घासून चकचकीत केलेले शिंपले शिंपलेच राहतात असे ठरवले होते, आणि १९०८ मध्ये बिअरच्या बाटल्यांसाठी प्रक्रिया केलेल्या बुचांबाबतही तेच म्हटले होते.

या सूत्रात प्रश्न एकच विचारला जातो: मालाचे काय झाले? तो कोणी केला, शेतकऱ्याने की मिलवाल्याने, घरात की कारखान्यात, याला तिथे जागा नाही. हे नीट लक्षात घ्यावे, कारण पुढची सगळी तक्रार यावर उभी आहे.

या मापाने मग कितीतरी माल मोजले गेले. अननस सोलून, चकत्या करून, साखरेच्या पाकात डब्यात भरला तरी तो अननसच, असे १९८० मध्ये ठरले. साध्या काचेच्या बाटलीवर नाव छापले म्हणून ती नवी बाटली होत नाही, असे पुढे ठरले. छपाईआधीही ती बाटली म्हणून वापरता येतच होती, हे कारण न्यायालयाने दिले. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खाणींना ज्याच्याशी थेट देणेघेणे आहे असा निकाल २००२ मध्ये महाराष्ट्र सरकारविरुद्ध महालक्ष्मी स्टोअर्स या खटल्यात लागला. प्रश्न विक्रीकराचा होता. मुंबई विक्रीकर कायद्यात उत्पादनाची व्याख्या अतिशय ऐसपैस होती, मालात फेरफार, सजावट, प्रक्रिया असे सगळे तिच्यात येई. तरीही दगड फोडून गिट्टी केली तर नवा माल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मोठ्या दगडाचे लहान दगड झाले, दुसरे काही नाही. २०१५ मध्ये सर्व्हो-मेड या कंपनीच्या खटल्यात इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करण्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने सगळ्या जुन्या निकालांचे सार काढले: माल आहे तसाच राहिला किंवा मुळात तोच राहिला तर उत्पादन नाही, माल बदलला पण बाजारात विकण्याजोगा नसला तरी उत्पादन नाही, बदललेला माल नवा असेल आणि बाजारात विकलाही जात असेल, तरच उत्पादन. निर्जंतुक केलेली सिरिंज ही सिरिंजच.

सरकार या निकालांपुढे हतबल होते असे कोणी समजू नये. संसदेला वाटले तर तिने उघडपणे कायदा करून एखादी प्रक्रिया उत्पादन ‘मानावी’, ही वाट नेहमीच खुली होती. कोऱ्या कापडाला ब्लीच करणे, रंगवणे, छापणे हे उत्पादन नाही असे गुजरात उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले, तेव्हा आधी वटहुकूम आणि मग १९८० चा दुरुस्ती कायदा आला. त्याने या प्रक्रिया पूर्वलक्षी प्रभावाने उत्पादन ठरवल्या. १९८५ मध्ये एम्पायर इंडस्ट्रीज आणि १९८८ मध्ये उजागर प्रिंट्स या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले. सुपारी कातरून तिला सुगंधी तेल लावले तर ती सुपारीच राहते, असे २००७ मध्ये ठरले, तर पुढे दरपत्रकात टीप घालून तेही उत्पादनात ओढले गेले. पूर्वलक्षी कर आम्हाला मुळीच पटत नाही. पण यात एक शिस्त होती: जनतेच्या प्रतिनिधींनी, वस्तूचे आणि प्रक्रियेचे नाव घेऊन, कायद्यात लिहून हे केले. डाळीचे तसे झाले नाही. डाळ शेतमालातून काढली ती एका परिपत्रकातल्या अंदाजाने.

आता कापसाकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न सगळ्यात जास्त तिथे भेटतो. खामगावची ओळख कापसावर उभी राहिली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो इथल्या कापूस बाजारासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इथल्या रुईच्या गाठी मुंबईला जात, गिरण्यांत त्यांचे सूत आणि कापड होई. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने लँकेशायरच्या गिरणीमालकांना सांभाळण्यासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवले, तेव्हा टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. ते अन्यायी शुल्क १९२५-२६ पर्यंत हटले नाही. पण त्या सरकारनेही शुल्क लावले ते कापडावर. कापूस रेचून गाठी बांधण्याला त्याने उत्पादन म्हटले नाही.

जिनिंगमध्ये काय घडते ते जवळून पाहावे. ट्रॅक्टरमधून, गाडीतून आलेला कापूस ढिगावर पडतो आणि तिथून यंत्रांकडे ओढला जातो. रोलर रुईचे तंतू धरून ओढतात, पाते सरकीला ठोकर देते, सरकी खाली गळते आणि रुई समोर येऊन पडते. शंभर किलो कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग प्रेसमध्ये रुई दाबून साधारण १७० किलोची गाठ बांधतात. तंतू तोच, सरकी तीच. बोंडात दोन्ही एकमेकांना धरून होती, आता ती सुटी झाली.

हे उत्पादन का? कर्मचारी राज्य विमा कायद्याने १९४८ मध्ये हंगामी कारखान्यांची व्याख्या करताना कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग यांना ‘उत्पादन प्रक्रियां’च्या यादीत घातले. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने नेमके उलटे लिहिले: रेचलेला असो की न रेचलेला, दाबलेला असो की गाठीतला, कापूस हा ‘उत्पादन न झालेल्या अवस्थेतला’ एकच माल. आणि १९६९ मध्ये पंजाब सरकारविरुद्ध चंदूलाल किशोरीलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जिनिंग ही उत्पादन प्रक्रियाच आहे, आणि तिच्यातून निघालेली सरकी हा कापसाहून वेगळा, स्वतंत्र व्यापारी माल आहे. म्हणजे एकाच यंत्राच्या एका बाजूने जुना माल बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूने नवा. वाचायला हे विचित्र वाटेल, पण आमच्या मते यात विसंगती नाही. बाजारात जाऊन विचारा: रुई घेणारा सूतगिरणीवाला आणि सरकी घेणारा तेल घाणीवाला यांचा एकमेकांच्या मालाशी काही संबंध नसतो. रुईचा उपयोग तोच राहिला जो कापसाचा होता. सरकीचा उपयोग, नाव, गिऱ्हाईक सगळे वेगळे. न्यायालयाने बाजाराचे ऐकले आणि बरोबर ठरवले.

कामगारांच्या विम्याचा कायदा आणि विक्रीकराचा कायदा यांचे हेतू निराळे असल्याने त्यांच्या व्याख्या निराळ्या असणे समजू शकते. एकाच कराच्या कायद्यात दोन मापे असणे समजू शकत नाही, आणि जीएसटीत तेच झाले आहे. जीएसटी कायद्याच्या कलम २ मध्ये उत्पादनाची जी व्याख्या आहे ती दिल्ली क्लॉथ मिलच्या निकालाचेच सूत्र आहे: वेगळे नाव, गुण आणि उपयोग असलेला नवा माल निर्माण होणे. त्याच जीएसटीच्या सेवाविषयक अधिसूचनेत मात्र शेतमालाची व्याख्या करताना दोन अटी एकत्र बांधल्या आहेत. शेतकरी सहसा करतो अशीच प्रक्रिया झालेली असावी, आणि तिने मालाचा मूळ गुण बदलू नये. २०१७ च्या परिपत्रकाने पहिल्या अटीवरच निकाल देऊन टाकला. डाळीचा मूळ गुण बदलला का, याचा विचार त्यात नाही.

तो विचार केला असता तर उत्तर संसदेनेच देऊन ठेवलेले सापडले असते. केंद्रीय विक्रीकर कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहिले आहे की कडधान्य अख्खे असो की फोडलेले, सालीसह असो की सालीविना, कराच्या दृष्टीने तो एकच माल धरावा. बाजारात तूर आणि तूरडाळ यांचे भाव वेगळे लागतात, फटका डाळ आणि सव्वा नंबर यांतही फरक पडतो, हे खरेच. तो फरक भरडाईचा, घटीचा आणि प्रतीचा आहे. तूर पिकवली जाते ती डाळीसाठीच. डाळ होऊन ती आपल्या उपयोगाला येते, दुसऱ्या कोणत्या उपयोगाकडे वळत नाही.

साळ आणि तांदूळ यांचे काय, असा प्रश्न जाणकार विचारतील. साळीचा तांदूळ झाला की तो वेगळा माल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गणेश ट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे. बरोबर. आणि तरीही जीएसटीच्या अधिसूचनेत तांदळाच्या चढ-उतार, बांधणी आणि साठवणुकीला स्वतंत्र नोंद देऊन करातून सूट दिली गेली. न्यायालयाने जो नवा माल ठरवला त्या तांदळाच्या गोदामाला सूट, आणि संसदेने जो जुनाच माल ठरवला त्या डाळीच्या गोदामाला २०१८ पर्यंत १८ टक्के. गोंदिया-भंडाऱ्याच्या भात गिरणीवाल्यांना सूट मिळाली याचा आम्हाला आनंद आहे. बुलढाण्याच्या डाळीने काय कमी केले, याचे उत्तर हवे आहे.

गोदामभाड्याचा जाच तेवढा पुढे थांबला. जुलै २०१८ मध्ये कडधान्ये, मसाले, गूळ, कापसासारखे कच्चे तंतू अशा मालाच्या साठवणुकीला सूट मिळाली. १८ जुलै २०२२ ला मसाले, गूळ, कापूस यांची सूट काढून घेतली, कडधान्यांची ठेवली. पण २०१७ चे परिपत्रक मानेवर तसेच आहे. सूट गेल्यानंतर काही दिवसांनी, ३ ऑगस्ट २०२२ ला, खात्याने आणखी एक खुलासा केला: रेचलेला आणि गाठी बांधलेला कापूसही त्या सुटीच्या काळात ‘कच्च्या तंतूं’तच मोडत होता. रुई कच्चीच राहते, हे खात्याने मान्य केले. मग यंत्राने सरकी काढल्यावर कापूस कच्चा राहतो आणि यंत्राने साल काढल्यावर तूर शेतमाल राहत नाही, हे कशाच्या आधारावर?

कापूस उत्पादकाच्या वाट्यालाही निर्धास्तपणा आलेला नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने ५ टक्के जीएसटी उलट आकारणीने स्वतः भरायचा आहे. शेतकऱ्याला जमिनीच्या लागवडीतून आलेल्या उत्पन्नापुरती नोंदणीची गरज नाही. पण भाव पडलेला असताना एखाद्याने आपला कापूस जिनिंगमध्ये मजुरी देऊन रेचून घेतला, रुई थांबवून ठेवली आणि सरकी विकली, तर ती सरकी लागवडीचे उत्पन्न की उत्पादित माल? १९६९ च्या निकालाचा आधार घेतला तर एखादा अधिकारी तिला नवा माल म्हणेल. कायद्यात ‘लागवडीतून आलेले उत्पन्न’ एवढेच शब्द आहेत. प्रक्रियेचा उल्लेख नाही. शेतकऱ्याने आपल्याच कापसाची सरकी विकल्यावर त्याला नोटीस येता कामा नये, ही हमी त्या कलमात शब्दांनी लिहिली पाहिजे.

थैलीचे प्रकरण तर याहून खटकणारे. १८ जुलै २०२२ पासूनच वजन छापून, लेबल लावून बंद केलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीच्या थैलीवर ५ टक्के जीएसटी आला. २५ किलोच्या वरच्या थैलीवर नाही. डाळ तीच, मिल तीच. २५ किलोच्या कट्ट्यावर कर, २६ किलोच्या कट्ट्यावर माफी. जुन्या उत्पादन शुल्कात २००३ पासून ठरावीक मालाच्या नुसत्या बांधणीला आणि लेबलाला उत्पादन मानण्याची तरतूद होती, तिचाच हा वारसा. याचा भार पडतो तो महिन्याला दोन किलो डाळ नेणाऱ्या घरावर. शहरातला मोठा हॉटेलवाला ३० किलोचा कट्टा करमुक्त उचलतो आणि मजुराच्या घरातली एक किलोची थैली कर भरून येते. बचत गटाच्या बायांनी स्वच्छ पाकिटात, नावानिशी डाळ विकायला काढली की त्या या कराच्या टापूत येतात. उघड्या पोत्यातून विकली तर येत नाहीत. स्वच्छतेने आणि नावाने विकणाऱ्याला शिक्षा करणारा कर आम्हाला मान्य नाही.

यावर महसूल कमी होईल असे सांगितले जाईल. सरकारला पैसा लागतो, आणि जिथे खरोखर नवा माल होतो तिथे कर घेण्याला आमचा विरोध नाही. खामगावात हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. तेल आत जाते, साबण बाहेर येतो, हे उत्पादन आहे याबद्दल दुमत होणार नाही. सरकीचे तेल, सोयाबीनचे तेल, सूत, कापड, सगळ्यांचे तसेच. पेट्रोल, डिझेल आणि तंबाखू यांवर आजही उत्पादन शुल्क चालूच आहे, आणि शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतताना ते भरतोच आहे. प्रश्न रकमेपेक्षा मापाचा आहे. नाव, गुण, उपयोग हे माप साठ वर्षे न्यायालयांत घासून तयार झाले. ते सोपे आहे, बाजारात उभा असलेला अडत्याही ते लावू शकतो. ते सोडून ‘सहसा कोण करतो’ हे माप धरले, की शेतकऱ्याने एक पायरी वर चढण्याचा प्रयत्न केला त्या दिवशी तो शेतकरी राहत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतकरी जे सहसा करत नव्हता ते आज त्याची कंपनी करते. उद्या आणखी काही करील. त्याच्या प्रगतीबरोबर शेतमालाची व्याख्या पुढे सरकली पाहिजे.

म्हणून आमची मागणी अशी आहे. शेतमालाच्या व्याख्येतली ‘शेतकरी सहसा करतो ती प्रक्रिया’ ही अट काढून टाकावी आणि मालाचा मूळ गुण बदलला की नाही एवढेच पाहावे. ते होईपर्यंत १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकातला डाळीविषयीचा भाग मागे घ्यावा, आणि तांदळाला मिळाली तशी चढ-उतार आणि बांधणीची सूटही डाळीला द्यावी. डाळीच्या लहान थैलीवरचा ५ टक्के कर उठवावा. यानंतरही एखाद्या प्रक्रियेला उत्पादन मानून कर घ्यायचाच असेल तर तो संसदेपुढे नाव घेऊन, चर्चा करून, पुढच्या तारखेपासून घ्यावा.

जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला मत आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या डाळ मिलवाल्यांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी ही मागणी राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे लेखी द्यावी, आणि नव्या हंगामाची तूर बाजारात येण्याआधी द्यावी.